टायर मेमध्ये घ्या, मेमध्येच काढा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या, चाळिशीच्या आसपासच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नोकरी फोंड्याला. उसगाव-तिस्कावरून रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर त्या स्वतः गाडी चालवतात. माहेर बेळगावला, त्यामुळे अधूनमधून चोर्ला घाट. गाडी तीन वर्षांची, टायर गाडीबरोबर आलेले तेच, ४४ हजार किलोमीटर झालेले. मे अखेरच्या पहिल्या सरीत तिस्काच्या अलीकडे एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळच घसरत गेली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. दुकानात दाखवलं तेव्हा पुढच्या टायरांच्या नक्षीतली खाच दोन मिलिमीटर खोल आणि मागच्यांची तीन मिलिमीटर भरली. "अजून एक पावसाळा आरामात निघेल," असं दुकानदार म्हणाला. चार नव्या टायरांचे त्याने चोवीस हजार सांगितले.

घरात तीन मतं आहेत. मिस्टर म्हणतात, दुकानदारच थांबा म्हणतो तर घाई कसली, आणि घ्यायचेच तर आपल्या उसगावचे घेऊ. कॅनडातले दीर म्हणतात, 'ऑल-सीझन' टायर घे, बारा महिन्यांची काळजी मिटेल. धाकटा भाऊ म्हणतो, रुंद आणि जाड गोट्यांचे (मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे) घे, खड्डे पेलतील. ताई विचारतात, "हल्ली पावसाचं काही खरं नाही. मेमध्येच कोसळतो, नोव्हेंबरातही येतो, मध्येच आठवडाभर कडक ऊन. अशा हवेला नेमका कुठला टायर घ्यावा? मला गाडीतलं फारसं कळत नाही. आणि गाडी घसरल्याचं घरी सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्यापासून बसने जा म्हणतील."

ताई,

तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मी आधी घेते: गाडीतलं कळत नाही म्हणता ती, आणि घरी सांगितलेलं नाही ती.

गाडी 'सरळच घसरत गेली' असं तुम्ही लिहिलंय. मागची चाकं सुटली असती तर गाडीचं शेपूट फिरलं असतं, गाडी आडवी झाली असती. तुमचं स्टिअरिंग वळलेलं होतं आणि गाडी वळली नाही, म्हणजे पुढच्या चाकांची पकड सुटली. दुकानात मोजल्यावर जास्त झिजलेले निघाले तेही पुढचेच टायर. मेकॅनिकला जे शोधायला गाडी घेऊन एक फेरी मारावी लागली असती, ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत. तेव्हा गाडीतलं कळत नाही हे वाक्य यापुढे लिहू नका. त्या रस्त्यावर रोज तुम्ही असता, आणि तुमच्या हाताला जे जाणवलं ते घरातल्या बाकी तिघांपैकी कुणालाच जाणवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. त्या दिवशीचा सगळा दोष टायरवर टाकता येणार नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रस्त्यावर धूळ साचते, गाड्यांचं तेल ठिबकत राहतं, टायरांची झीज भुकटी होऊन डांबरात बसते. तुमच्या रस्त्यावर त्यात खनिजाच्या ट्रकांमधून सांडलेल्या लाल मातीची भर. पहिली सर एवढी मोठी नसते की हे सगळं धुऊन न्यावं, पण त्याचा लगदा करायला ती पुरते. त्या पातळ चिकट थरावर नवा टायरही नेहमीसारखा धरत नाही. मोठा पाऊस दोन-तीनदा झोडपून गेला की रस्ता धुतला जातो आणि तो प्रकार बराच कमी होतो. म्हणून पहिल्या सरींच्या दिवसांत टायर कसलेही असोत, वेग कमी आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट ठेवावं, याला पर्याय नाही.

पण जुलैत रस्त्यावर लगदा नसतो, पाणी असतं. आणि पाण्यात दोन मिलिमीटरचा टायर काय करतो हे पुढे सांगते. त्याआधी घरचं.

मिस्टरांना सांगा. "माझी गाडी घसरली" अशी सुरुवात करू नका, कारण मग बोलणं तुमच्या चालवण्यावर जाईल. "पुढचे टायर दोन मिलिमीटरवर आलेत आणि पहिल्याच पावसात पुढची चाकं सुटली," असं सांगा. यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरीही "तू बसने जा" असं आलंच, तर शांतपणे विचारा की रविवारी मुलांना घेऊन तीच गाडी कोण चालवणार आहे. चालवणारं माणूस बदललं म्हणून टायरची खाच खोल होत नाही. लपवून ठेवण्यातला धोका मला जास्त मोठा वाटतो. आत्ता घरात प्रत्येकजण मत देतोय, पण ज्या घटनेमुळे प्रश्न उभा राहिला ती त्यांना माहीतच नाही. चोवीस हजारांचा निर्णय अर्ध्या माहितीवर होऊ नये.

आता तुमचा मूळ प्रश्न. बेभरवशाच्या हवेला कुठला टायर? यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती जरा तपासून बघू. टायरच्या दृष्टीने आपली हवा खरंच बेभरवशाची आहे का?

टायरला हवेतल्या दोन गोष्टींशी देणंघेणं असतं: तापमान आणि पाणी. तापमानाचं म्हणाल तर गोव्याइतकी स्थिर हवा थोड्याच ठिकाणी असेल. समुद्र जवळ असल्यामुळे दिवाळीनंतरची पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांत जो फरक पडतो, तो टायरच्या रबराला किरकोळ आहे. पाण्याचं म्हणाल तर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, सत्तरी-सांग्याकडे डोंगराच्या कुशीत त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बेभरवशाची झाली आहे ती तारीख. २०२५ मध्ये मे संपायच्या आतच मान्सून गोव्यात दाखल झाला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण जे आलं ते पाणीच होतं. बर्फ नाही, गारठा नाही. म्हणजे सगळ्या प्रकारच्या हवेला पुरेल असा टायर आपल्याला लागतच नाही. ओल्या डांबरावर धरणारा टायर लागतो. उरलेले आठ महिने कोरड्या रस्त्यावर कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा, योग्य मापाचा टायर आपलं काम नीट करतो. त्यासाठी वेगळा विचार करायची गरज नाही.

दिरांचा सल्ला मायेचा आहे, पण तो त्यांच्या रस्त्यासाठी बरोबर आहे. तिकडच्या 'ऑल-सीझन' टायरमध्ये 'सगळे ऋतू' म्हणताना हिवाळा धरलेला असतो. पारा सात अंशांच्या खाली गेला की साधं रबर कडक होऊ लागतं, म्हणून तिथे थंडीतही मऊ राहणारं रबर आणि बर्फात रुतणाऱ्या बारीक चिरा देतात. सात अंश आपण गोव्यात कधी अनुभवलेच नाहीत. तसा टायर मेच्या तापलेल्या डांबरावर लवकर झिजेल, आणि जी पकड कधी वापरायचीच नाही तिचे पैसे जातील. आपल्याकडे दुकानात मिळणारे नेहमीचे कारचे टायर ऊन आणि पाऊस धरूनच बनवलेले असतात. दिरांना एवढंच कळवा, ते समजून घेतील.

आता दोन मिलिमीटरचं. तुमच्या गाडीच्या टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय आणि तुम्ही ताशी ८० ने जाताय असं धरा. हिशेब केला तर एकेका पुढच्या टायरला दर सेकंदाला सुमारे बारा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणजे सेकंदाला एक भरलेली कळशी. हे पाणी जातं कुठे? काही बाजूंना उडतं, आणि बाकीचं टायरच्या खाचांतून मागे जातं. खाच उथळ झाली की तिच्यात पाणी मावत नाही, ते टायरच्या पुढे साठतं आणि टायरच्या पोटाखाली शिरतं. मग टायर डांबरावर नसतो, पाण्यावर असतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, ब्रेक दाबून काही होत नाही. असं झालंच तर ब्रेक जोरात मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून उचला आणि टायर पुन्हा जमिनीला टेकू द्या. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एबीएस चाक अडकू देत नाही, पण नसलेली पकड तो आणणार कुठून?

नव्या टायरची खाच साधारण सात ते आठ मिलिमीटर असते. कायद्याने कारचा टायर १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो. खाचेच्या तळाशी आडव्या बारीक पट्ट्या असतात, टायरच्या कडेला छोट्या त्रिकोणाने किंवा 'टीडब्ल्यूआय' या अक्षरांनी त्यांची जागा दाखवलेली असते. झीज त्या पट्टीला टेकली की १.६ झालं. तुमचा दुकानदार खोटं बोलला नाही. तो कायद्याची रेघ सांगत होता. पण ती रेघ 'याच्या खाली गेलात तर गुन्हा' अशी आहे. 'इथपर्यंत सत्तरीतल्या आषाढात सुरक्षित' असं ती म्हणत नाही. ओल्या रस्त्यासाठी तीन मिलिमीटरला टायर काढावा, असं बरेच जाणकार सांगतात, आणि आपल्याकडे तरी मला तेच योग्य वाटतं. ८० च्या वेगाने ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला, तर तीन मिलिमीटरचा टायर आणि १.६ चा टायर यांच्या थांबण्याच्या अंतरात दोन गाड्यांच्या लांबीइतका फरक पडू शकतो.

म्हणजे कायदा ज्या टायरला चालतो म्हणतो तो पाव आयुष्य शिल्लक असताना फेकून द्यायचा? मिस्टर हेच विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. यावरचं उत्तर आपल्या ऋतूंनीच देऊन ठेवलंय. मला या सगळ्या पत्रात सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं.

तुमचे पुढचे टायर ४४ हजार किलोमीटरमध्ये साडेसातवरून दोनवर आले असं धरू. म्हणजे हजार किलोमीटरला ०.१२५ मिलिमीटर झीज. तुमचं वर्षाचं चालणं सुमारे पंधरा हजार, म्हणजे वर्षाला १.९ मिलिमीटर. आता या जूनमध्ये नवे टायर घातले, साडेसातचे. पुढच्या जूनला ५.६ उरतील. त्याच्या पुढच्या जूनला पावणेचारच्या आसपास, आणि तो तिसरा पावसाळा संपेल तेव्हा तीनच्या किंचित वर. म्हणजे तीन पावसाळे पूर्ण सुरक्षित. त्यानंतर तीनवरून दोनवर यायची जी झीज आहे ती कधी होईल? ऑक्टोबर ते मे. कोरड्या रस्त्यावर. त्या आठ महिन्यांत उथळ खाचेचा टायर फारसा अडवत नाही. चौथ्या पावसाच्या तोंडाशी तो १.९ ला आलेला असेल, आणि तेव्हा तो काढलात तर वाया गेलं काय? जवळजवळ काहीच नाही.

तुमच्या आत्ताच्या टायरांनी नेमकं हेच केलंय. तीन पावसाळे दिले, तीन उन्हाळे दिले, आणि आता चौथ्या पावसाच्या दारात ते दोनवर उभे आहेत. त्यांच्याकडून घ्यायचं होतं ते घेऊन झालंय. ऑक्टोबरात हेच टायर घेऊन आला असतात तर मीही दुकानदारासारखंच म्हटलं असतं, थांबा, अजून चालतील. जूनमध्ये नाही म्हणणार.

म्हणून माझा सल्ला कंपनीच्या नावापासून सुरू होत नाही, महिन्यापासून सुरू होतो. गोव्यात टायर बदलायचा महिना मे. शक्यतो पहिला पंधरवडा, कारण पाऊस आता जूनची वाट बघतोच असं नाही. मेमध्ये खाच मोजायची. दुकानदार मोजून देतो, नाहीतर खाच मोजायचं लहानसं साधन स्वस्तात मिळतं. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: सप्टेंबर अखेरीस ही तीनच्या वर असेल का? तुमच्याइतकं चालवणाऱ्याला मेमध्ये पावणेचार तरी हवी. दाबोळी-मोपा विमानतळांच्या फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीवाल्या भावांना, ज्यांचं चार महिन्यांत दहा-पंधरा हजार होतं, त्यांना साडेचारच्या पुढे हवी.

यंदा तुमचा मे हुकलाय, तेव्हा येत्या शनिवारीच काम उरका.

आता कुठला टायर. मिस्टरांचं उसगावचं प्रेम मला समजतं. एमआरएफचा कारखाना तिथे आहे, सत्तरी-फोंड्यातल्या कितीतरी घरांचा त्याच्याशी संबंध आहे, आणि तुमचा रोजचा रस्ताच त्या भागातून जातो. तो टायर घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त कंपनीचे कारखाने देशात आणखीही आहेत, त्यामुळे फोंड्यात घेतलेला टायर उसगावातच बनला असेल असं नाही. शिवाय प्रत्येक कंपनी, मग ती एमआरएफ असो, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन वा मिशेलिन, एकाच मापात दोन-तीन प्रकारचे टायर काढते. एक जास्त किलोमीटर चालावा म्हणून, एक पेट्रोल वाचावं म्हणून, एक पकडीसाठी. 'एमआरएफ द्या' किंवा 'मिशेलिन द्या' म्हणण्याने अर्धीच गोष्ट ठरते. दुकानात आपण बहुतेक सगळे पहिला प्रश्न "किती किलोमीटर चालेल?" हाच विचारतो, मग दुकानदारही जास्त चालणारा कडक टायर पुढे करतो. तुम्ही पहिला प्रश्न बदला. "या मापात ओल्या रस्त्यावर सगळ्यांत चांगला धरणारा कुठला?" असं विचारा आणि मग किलोमीटर विचारा. सिलिका (वाळूतलं द्रव्य) घातलेलं रबर ओल्यात चांगलं धरतं, आणि हल्ली त्यामुळे झिजण्यात फार तोटाही होत नाही. ४० हजाराच्या आसपास चालणारा, पण पावसात धरणारा टायर तुमच्यासाठी ७० हजार चालणाऱ्या टायरपेक्षा बरा. सत्तर हजारवाला तुम्ही पाच पावसाळे वापरणार, आणि शेवटच्या दोन पावसाळ्यांत तो जुना, कडक आणि उथळ असणार.

ओल्या रस्त्यावरची पकड, फिरताना होणारा रोध आणि आवाज या तीन बाबतींत केंद्र सरकारने टायरना किमान पातळी घालून दिली आहे. नव्या घडणीच्या टायरना ऑक्टोबर २०२२ पासून, आधीपासून बाजारात असलेल्यांना २०२३ पासून. पण ती पास होण्यापुरती पातळी आहे, पहिला नंबर कोणाचा ते तिच्यातून कळत नाही. बऱ्याच टायरांच्या कडेला 'ट्रॅक्शन' या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी असं छापलेलं असतं. ती ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक दाबून केलेल्या चाचणीची श्रेणी आहे. ए किंवा एए बघून घ्या. वळणावरची पकड त्यात मोजलेली नसते, हेही ध्यानात ठेवा.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उंच कडेचा टायर खड्डा जास्त चांगला पेलतो. पण रुंदीचं उलट आहे. टायर जेवढा रुंद, तेवढं जास्त पाणी त्याला सारावं लागतं, आणि आत तेवढीच हवा असली तर तो पाण्यावर लवकर चढतो. तुमच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असेल. रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ इंची रिम, एका टायरला ५६० किलो भार, ताशी २१० पर्यंत वेग. त्या जागी २०५/६५ बसवला तर चाक २६ मिलिमीटरने मोठं होतं. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने चाललेली असेल, आणि पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची शक्यता वेगळी. जाड गोट्यांचे टायर चिरेखाणीच्या वाटेवर, चिखलात उपयोगी. ओल्या डांबरावर मात्र गोट्यांमधल्या मोठ्या फटींमुळे रस्त्याला कमी रबर टेकतं, आवाज वाढतो आणि पेट्रोलही जास्त जातं. तुमचा रस्ता डांबरी आहे. माप बदलू नका.

चार घ्यायचे की दोन? चारच घ्या असं मी म्हणेन. चोवीस हजार एकदम जड जात असतील आणि दोनच जमणार असतील, तर नवे दोन मागे बसवा आणि मागचे तीन मिलिमीटरवाले पुढे आणा. दुकानात बहुधा उलट सांगतील, कारण झिजतात पुढचे. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. अशा वेळी पुढचे तीनवाले दिवाळीपर्यंतच, कमी वेगात. आणि पैसे वाचवायला वापरलेले टायर घेऊ नका. ते कुठल्या गाडीवरून, कशामुळे उतरले हे बाहेरून दिसत नाही.

टायर बसवताना उभं राहून बघा. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सहा महिने-वर्षाच्या आतला बघून घ्या. बाहेरची बाजू कुठली हे लिहिलेलं असेल तर ती बाहेरच आली पाहिजे. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढे जाणाऱ्या चाकाच्या दिशेने. व्हॉल्व्ह नवे घाला, अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ जुळवणं) करून घ्या. जुना टायर एकाच कडेने जास्त झिजलेला दिसला तर अलाइनमेंट आधीपासूनच बिघडलेलं होतं असं समजा. तुमच्या पुढच्या-मागच्या टायरांत एक मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे त्यांची अदलाबदल वेळच्या वेळी झालेली दिसत नाही. दर दहा हजार किलोमीटरला ती करा. नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा, वरचा गुळगुळीत थर जायला तेवढं लागतं.

टायरमधल्या हवेकडे मात्र महिन्यातून दोनदा लक्ष द्या. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आकडा छापलेला असतो, तेवढीच, आणि सकाळी टायर थंड असताना. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो आणि पाण्याला तिथेच वाट मिळते. नवाकोरा टायरही मग झिजलेल्यासारखा वागतो. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायची गरज मला वाटत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

ज्यांची गाडी घराच्या पडवीसमोर उभीच असते, घरातलं माणूस आखातात किंवा बोटीवर, त्यांना हे खाचेचं गणित लागू होत नाही. त्यांच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर उन्हाने आणि वयाने कडक झालेलं असतं, कडेला बारीक भेगा आलेल्या असतात. पाच वर्षांपुढे दरवर्षी दाखवून घ्यावं, आणि भेगा दिसल्या तर खाच कितीही खोल असो, टायर काढावा. खड्ड्यात आपटून कडेला फुगा आलेला टायरही तसाच, त्याला दुरुस्ती नाही.

आणि जिथे टायरचं काही चालत नाही अशा जागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) सावलीतल्या गावच्या रस्त्यांच्या कडेचं शेवाळ, चोर्ल्यात दरडीबरोबर रस्त्यावर आलेली माती, धुक्यात न दिसणारा पाण्याचा लोट. घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनावर गाडी धरा, म्हणजे ओल्या वळणावर टायरला एकाच वेळी वळायचं आणि थांबायचं अशी दोन कामं पडत नाहीत. चवथीला माणसं आणि सामान भरून बेळगावला जाल तेव्हा खांबावरचा पूर्ण भाराचा आकडा बघून हवा वाढवा, आणि परत आल्यावर उतरवा. निघण्याआधी स्टेपनीचीही हवा बघून घ्या. अदलाबदल झाली नसेल तर तीन वर्षांत तिच्याकडे कुणी बघितलं नसेल.